सेनेबचें कुटुंब : प्राचीन मिसरांतील एक समाधिशिल्प

मिसर देशाचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें पिरॅमिड उभे राहतात. परंतु गिझा येथील पिरॅमिडांच्या आसपास राजसेवकांचींही पुष्कळ थडगीं आहेत. त्यांपैकीं एका थडग्यांत १९२६ सालीं हेर्मान युंकर या संशोधकास चुनखडी दगडाचें एक लहानसें रंगीत शिल्प सांपडलें. तें चार हजार वर्षांहून अधिक जुनें असून पुढें कैरोच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलें.

असलीं शिल्पें केवळ शोभेसाठीं करीत नसत. मनुष्य मेल्यावरही त्याची ‘का’ नांवाची प्राणशक्ति राहते, तिला अन्नपाणी व देह लागतो, अशी मिसरी लोकांची समजूत होती. मसाले भरून जपलेलें प्रेतही न जाणों नाश पावेल, म्हणून दगडाचा दुसरा देह घडवून त्यावर मृताचें नांव कोरीत. कित्येक थडग्यांत तर मूर्ति बंद कोठडींत ठेवून, धूपाचा सुवास आंत जावा एवढीच फट भिंतींत राखीत. मूर्तिकाराला त्यांच्या भाषेंत ‘जिवंत करणारा’ म्हणत, तें यथार्थच होय. आणि कुटुंब एकाच दगडांतून कां कोरीत, हेंही यावरून उमगतें.

आतां हें शिल्प पाहूं. गृहस्वामी सेनेब हा जन्मतः खुजा होता. तो मांडी घालून बसला आहे. शेजारीं पत्नी बसली आहे. पुरुषाचा वर्ण तांबूस व स्त्रीचा फिकट, हा तेथील रूढ संकेत. बसलेल्या पुरुषाचे पाय जेथें खालीं यावयाचे, ती जागा येथें रिकामीच राहिली असती. शिल्पकारानें तेथें दोन मुलें उभीं केलीं. बाल्याची खूण म्हणून तीं उघडीं असून त्यांचें बोट ओठांशीं आहे. त्यामुळें दोन्ही बाजूंचा तोल साधला, आणि सेनेबचे आंखूड हातपाय मात्र जसे होते तसेच राहिले. तो भाग लपविला नाहीं, त्याची थट्टाही केली नाहीं. माझ्या मतें कारागिराचें खरें मोठेपण येथेंच दिसतें.

सेनेबला कमीपणा कोणी देत होतें, असेंही नव्हे. राजवाड्यांतील विणकामावर त्याची देखरेख असे, आणि खुफू व जेदेफ्रे या मृत राजांच्या पूजेचा तो पुरोहित होता. त्याच्या मुलांच्या नांवांतही या राजांचीं नांवें गुंफलेलीं आढळतात.

पत्नीचें नांव सेनेतितेस. तीही हाथोर व नैथ या देवींची पुजारीण होती. तिनें एक हात पतीच्या खांद्यावरून टाकला आहे, दुसऱ्यानें त्याचा दंड धरला आहे, आणि तिच्या मुखावर किंचित् हास्य आहे.