विद्येच्या कारखान्यातील कामाचे तास



आपल्या भागातील मुले आता शिक्षणासाठी हॉलंडला जातात, आणि त्यांच्या मागे घरातील जमीन गहाण पडते. म्हणून तेथील विद्यापीठात माणूस कसा राहतो व कसा राबतो, हे समजून घेणे आपल्या गरजेचे आहे. मी जन्मभर कामगारांत वावरलो. त्यामुळे कोठेही गेलो तरी माझा पहिला प्रश्न असा, की येथे कामाचे तास किती व दाम किती?

हॉलंड आपल्याला अगदीच परके नाही. दख्खनच्या कालव्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली, तिचा अभ्यास वाखेनिंगेनच्या कृषिविद्यापीठातील संशोधकांनी केला व १९९५ साली निबंध प्रसिद्ध केला. आपला नीरा डावा कालवा त्याच दख्खनचा. हेग शहरात १९५२ साली निघालेल्या समाजविद्या संस्थेचे वर्ग तर आरंभी राजवाड्यात भरत. आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांचे लोक तेथे शिकले. २००९ पासून ती संस्था रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठात सामील झाली आहे.

तेथे विद्यार्थ्याचे श्रमही तासांत मोजतात. एका वर्षाचे साठ गुण, आणि प्रत्येक गुणामागे २८ तासांचा अभ्यास. म्हणजे वर्षाला १६८० तास. आठवड्याला ४० तास धरले तर ४२ आठवडे. प्राध्यापकाला नावाने हाक मारतात, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे हा उद्धटपणा मानीत नाहीत. परीक्षेत दहापैकी आठ गुण मिळाले तर ते उत्तम समजावे. दहा क्वचितच कोणाला मिळतात.

डॉक्टरेटसाठी संशोधन करणारा मनुष्य मात्र तेथे बहुधा विद्यार्थी नसून नोकर असतो. साधारण चार वर्षांचा करार, दरमहा पगार, भरपगारी रजा व निवृत्तिवेतनाची वर्गणी, हे सारे कामगार संघटनांशी झालेल्या सामुदायिक कराराने ठरते. परंतु स्वदेशातून शिष्यवृत्ती घेऊन आलेला मनुष्य त्याच टेबलाशी तेच काम करीत असला, तरी पुष्कळदा ह्या करारात बसत नाही. कायम व हंगामी कामगारांतील हा भेद साखर कारखान्याच्या गावाला समजावून सांगावयास नको!

तेथील नोकरांचेही सर्व सुखाचे आहे असे नव्हे. करारात पूर्ण वेळेचा आठवडा ३८ तासांचा. प्रत्यक्षात शिकवून झाल्यावर संशोधन रात्री करावे लागते. म्हणून २०२० साली अध्यापकांनी बिनपगारी जादा कामाच्या शेकडो तक्रारी सरकारी श्रमनिरीक्षकांकडे नेल्या. कारभारात वाटा मिळाला तोही लढूनच. १९६९ साली ॲम्स्टरडॅमच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची मुख्य इमारत ताब्यात घेतली. १९७० च्या कायद्याने विद्यार्थी, अध्यापक व इतर नोकर ह्या तिघांना कारभारात स्थान दिले. १९९७ च्या कायद्याने ते अधिकार पुष्कळसे छाटले. मिळालेला हक्क राखला नाही तर तो जातो, हा धडा विद्वानांनाही चुकला नाही.

आता आपल्या मुलांचा हिशेब. युरोपीय संघातील विद्यार्थ्याला वर्षाची फी साधारण अडीच हजार युरो. आपल्या मुलाला तिच्या कित्येक पट. पगारी काम करावयाचे तर मालकाने परवाना काढावा लागतो, आणि मुभा आठवड्याला १६ तासांची, अथवा जून ते ऑगस्ट पूर्ण वेळेची. तसे काम धरले की तेथील आरोग्यविमा सक्तीचा होतो. खोल्यांची टंचाई मोठी आहे. तेव्हा मुलगा काम करून फी भागवील, हा हिशेब जमणारा नाही.

ऊसतोडणीच्या कोयत्याला उचल देतात, आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. शिक्षणाचे कर्ज हीही एक उचलच होय. मुलामुलींना अवश्य पाठवा. पण सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा : एकूण खर्च किती? राहावयास खोली नक्की आहे काय? आणि संशोधनाला जाणार असेल तर पगारी करार की नुसती शिष्यवृत्ती? कामगार कामावर जाताना जे विचारतो, तेच विद्यार्थ्याने विचारावे. त्यात विद्येला कमीपणा नाही.