माल्टामधील जुगार परवाना

माल्टामधील जुगार परवाना हा भूमध्य समुद्रातील माल्टा या द्वीपराष्ट्रात, किंवा तेथून परदेशस्थ ग्राहकांसाठी, जुगाराचा व्यवसाय चालवण्यास लागणारा शासकीय परवाना आहे. तो माल्टा गेमिंग प्राधिकरण ही नियामक संस्था देते. सुमारे साडेपाच लाख लोकवस्तीच्या या देशात युरोपातील अनेक मोठ्या ऑनलाइन जुगार कंपन्यांची कार्यालये आहेत. त्यांचे बहुसंख्य ग्राहक मात्र माल्टाबाहेरचे असतात. या परवान्याचे महत्त्व आणि त्याविषयीचे वाद या दोहोंचे मूळ येथेच आहे.

इतिहास

माल्टातील पहिला कॅसिनो १९६४ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, सेंट ज्युलियन्स येथील ड्रागोनारा राजवाड्यात सुरू झाला. २००१ च्या कायद्याने लॉटरी व इतर खेळांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. १ मे २००४ रोजी माल्टा युरोपीय संघात सामील झाला आणि त्याच वर्षी इंटरनेटवरील जुगारासाठी नियमावली लागू करण्यात आली. युरोपीय संघात अशी सर्वंकष नियमावली करणारे माल्टा हे पहिले राष्ट्र मानले जाते. २०१५ मध्ये प्राधिकरणाला सध्याचे नाव मिळाले. २०१८ च्या गेमिंग कायद्याने जुने विखुरलेले कायदे एकत्र केले. ऑनलाइन व्यवसायाला हा कायदा १ ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे.

परवान्याचे प्रकार

पूर्वी ऑनलाइन परवान्याचे चार वर्ग होते. आता मुख्यतः दोनच परवाने आहेत. थेट खेळाडूला सेवा देणाऱ्या कंपनीस एक परवाना लागतो, तर अशा कंपन्यांना खेळ, सॉफ्टवेअर किंवा नियंत्रण प्रणाली पुरवणाऱ्यांस दुसरा. दोन्हींची मुदत १० वर्षे असते.

खेळांचे मात्र चार प्रकार मानले जातात. पहिल्यात केवळ नशिबावर चालणारे आणि कंपनीविरुद्ध खेळले जाणारे कॅसिनोचे खेळ व लॉटरी येतात. दुसऱ्यात ठरावीक दराने लावलेल्या पैजा, उदाहरणार्थ फुटबॉल सामन्यांवरील सट्टा, येतो. पोकरसारखे खेळ तिसऱ्या प्रकारात मोडतात. त्यात खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी फक्त आपले कमिशन घेते. चौथा प्रकार कौशल्याच्या नियंत्रित खेळांचा आहे. जमिनीवरील कॅसिनो आणि राष्ट्रीय लॉटरी यांना परवान्याखेरीज सरकारकडून स्वतंत्र सवलत-करारही मिळवावा लागतो.

अर्ज आणि छाननी

अर्जदार कंपनी युरोपीय आर्थिक क्षेत्रात स्थापन झालेली असावी लागते. अर्जाचे शुल्क ५,००० युरो असून अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. छाननीचा पहिला आणि सर्वांत वेळखाऊ भाग माणसांचा असतो. संचालक, भागधारक आणि अखेरीस ज्यांच्या खिशात नफा जातो ते खरे मालक यांची पार्श्वभूमी तपासली जाते. गुन्हेगारी नोंदी, मालमत्तेचे विवरण आणि भांडवल नेमके कोठून आले याचे पुरावे मागितले जातात. एकात एक गुंतलेल्या परदेशी कंपन्यांमागे मालक दडलेला असेल, तर ती साखळी शेवटच्या व्यक्तीपर्यंत उलगडून दाखवावी लागते.

यानंतर व्यवसायाची योजना, आर्थिक अंदाज, खेळांचे नियम आणि ग्राहकांशी करावयाच्या कराराच्या अटी पाहिल्या जातात. यादृच्छिक अंक निर्माण करणाऱ्या प्रणालीचे प्रमाणपत्रही लागते. पत्ता कोणता पडेल किंवा चक्र कोठे थांबेल हे याच प्रणालीवर ठरत असल्याने तिच्यात फेरफार करता येत नाही, याची खात्री तटस्थ प्रयोगशाळेकडून घ्यावी लागते. मनी लाँडरिंगला आळा घालणे, नियमपालन, खेळाडूंना आधार देणे अशा प्रमुख कार्यांसाठी जबाबदार व्यक्ती नेमाव्या लागतात आणि त्यांनाही प्राधिकरणाची मान्यता लागते.

कागदोपत्री टप्पा पार पडल्यावर अर्जदाराला संपूर्ण तांत्रिक यंत्रणा उभारण्यासाठी ६० दिवस मिळतात. प्राधिकरणाने मान्य केलेला बाहेरचा लेखापरीक्षक ही यंत्रणा कागदावरील वर्णनाशी ताडून पाहतो. परवाना त्यानंतरच दिला जातो.

आर्थिक अटी

पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या खेळांसाठी किमान १,००,००० युरो, तर तिसऱ्या व चौथ्यासाठी ४०,००० युरो भरणा झालेले भागभांडवल लागते. एकाहून अधिक प्रकार एकत्र घेतल्यास ही मर्यादा २,४०,००० युरोंपुढे जात नाही. ग्राहकसेवेच्या परवान्याचे वार्षिक शुल्क साधारणतः २५,००० युरो आहे. शिवाय उत्पन्नाच्या प्रमाणात अंशदान द्यावे लागते. माल्टातील खेळाडूंपासून मिळालेल्या उत्पन्नावर ५ टक्के गेमिंग कर आहे. कंपनी कराचा दर ३५ टक्के असला, तरी परताव्याच्या पद्धतीमुळे भागधारकांवरील प्रत्यक्ष भार पुष्कळ कमी होतो. कंपन्यांच्या ओढ्यामागे हे कारण छाननीच्या काटेकोरपणापेक्षा लहान नाही.

खेळाडूंनी जमा केलेले पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. खेळाडूला स्वतःवर खर्चाची मर्यादा घालण्याची, किंवा स्वतःला खेळातून पूर्णपणे वगळून घेण्याची सोयही द्यावी लागते.

इतर देशांतील वैधता

हा परवाना संपूर्ण युरोपात चालतो, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. कंपन्या त्यासाठी युरोपीय संघातील सेवा-स्वातंत्र्याच्या तत्त्वाचा आधार घेत. परंतु जुगाराच्या क्षेत्रात संघाचा समान कायदा नाही. २००९ मध्ये पोर्तुगालमधील एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केले की, कंपनीकडे दुसऱ्या सदस्य राष्ट्राचा परवाना आहे एवढ्यावरून आपल्या नागरिकांचे पुरेसे रक्षण होते, असे मानण्यास कोणतेही राष्ट्र बांधील नाही. पुढे स्वीडन (२०१९), नेदरलँड्स व जर्मनी (दोन्ही २०२१) यांनी आपापल्या परवाना पद्धती सुरू केल्या.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील न्यायालयांनी स्थानिक परवाना नसलेल्या कंपन्यांशी झालेले करार रद्दबातल मानून, हरलेले पैसे खेळाडूंना परत करण्याचे आदेश अनेक प्रकरणांत दिले. त्यांची वसुली माल्टातील कंपन्यांकडून करायची होती. जून २०२३ मध्ये माल्टाच्या संसदेने गेमिंग कायद्यात ५६अ हे कलम घातले. त्यानुसार माल्टात कायदेशीर असलेल्या सेवेबद्दल परवानाधारकाविरुद्ध दिलेला परदेशी निवाडा अमान्य करण्याचा आदेश माल्टातील न्यायालयांना देण्यात आला. परिणामी खटला जिंकलेल्या खेळाडूच्या हाती निकालपत्र असते, पैसे मात्र येत नाहीत. सदस्य राष्ट्रांनी परस्परांचे निवाडे मानावेत या नियमाशी हे कलम विसंगत असल्याचे सांगून युरोपीय आयोगाने जून २०२५ मध्ये माल्टाविरुद्ध कारवाई सुरू केली.

देखरेख

नियमभंग झाल्यास प्राधिकरण दंड करू शकते आणि परवाना निलंबित वा रद्द करू शकते. २०१५ मध्ये इटलीतील पोलिसांनी एनद्रांगेता या गुन्हेगारी टोळीविरुद्ध केलेल्या कारवाईनंतर माल्टातील काही परवाने निलंबित करण्यात आले होते. जून २०२१ मध्ये वित्तीय कृती दलाने माल्टाला करड्या यादीत टाकले. वर्षभराने, जून २०२२ मध्ये, हे नाव वगळण्यात आले.

परवानाधारकांची नोंदवही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. प्राधिकरणाचे नाव वा बोधचिन्ह खोटेपणाने वापरणाऱ्या संकेतस्थळांविषयीचे इशारेही तेथेच प्रसिद्ध होतात.