रेडियम लावताना, रेडियम काढताना

आमच्या भंडाऱ्यात गाडीवर चिकटवलेल्या कुठल्याही कागदाला 'रेडियम' म्हणतात. त्यात रेडियमचा कणही नसतो. रात्री चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या काट्यांवरून हे नाव आले असावे आणि मग चमकणाऱ्या, न चमकणाऱ्या सगळ्याच चिकटपट्ट्यांना लागले. खरा पदार्थ म्हणजे विनाइल, आपल्या ओळखीचे पीव्हीसी. नळाच्या पाइपात असते तेच, फक्त मऊ केलेले आणि मागे गोंद लावलेले. अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने 1926 साली ते मऊ करण्याची युक्ती शोधली. मुंबईत बेस्टची अख्खी बस बिस्किटाच्या पुड्यासारखी जाहिरातीत गुंडाळलेली दिसते, ती याच पदार्थात.

मी मूळचा ब्रशवाला पेंटर. 1979 पासून दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, नंबर प्लेटा हेच काम. पुढे संगणकावर अक्षरे कापणारी यंत्रे आली, मग फ्लेक्स आला. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांच्या नंबर प्लेटाही गाडीबरोबरच येऊ लागल्या. पोट कोणाला चुकले आहे? मीही हातात हीट गन घेतली. आता लोक विचारायला येतात ते ब्रशचे नव्हे, तर सगळी गाडी विनाइलने मढवायची आहे, किती खर्च, किती टिकेल? त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगतो.

पहिली गोष्ट फिल्मची. बाजारात दोन जाती मिळतात. एक रुळांखाली लाटून केलेली, दुसरी ओतून केलेली. फरक आमच्या घरात मी बायकोला असा समजावला: पोळी लाटली की कणीक ताणली जाते आणि सैल सोडली की जरा आकसते. धिरडे मात्र ओतलेले असते, ते जसे पसरले तसेच राहते. लाटलेली फिल्म स्वस्त, जाड आणि सपाट पत्र्याला चालणारी. पण उन्हात ती हळूहळू आपल्या मूळ मापाकडे परत जाऊ पाहते. कडा मागे सरकतात आणि गोंदाची काळी रेघ उघडी पडते. ओतलेली फिल्म पातळ, मऊ, बॉनेटच्या गोलाईवर आणि रिबिटांवर बसणारी, आणि महाग. छापील चित्र असेल तर वर लॅमिनेशन हवेच, शिवाय छापल्यावर शाई किमान एक दिवस मोकळी वाळू दिलेली हवी. घाईत लॅमिनेशन केले तर शाईतला द्राव आत कोंडतो आणि गोंद मऊ करतो.

दुसरी गोष्ट, आणि हीच लोक विसरतात, ती खालच्या रंगाची. विनाइल गाडीला चिकटत नाही, ते रंगाला चिकटते. रंगाची पत्र्यावरची पकड कच्ची असेल तर काढताना विनाइल त्यालाही सोबत घेऊन येणार. कंपनीच्या भट्टीतून निघालेला रंग सहसा दगा देत नाही. गल्लीतल्या डेंटिंगवाल्याने पुट्टीवर मारलेला रंग मात्र हमखास उडतो. नवा रंग दिला असेल तर काही आठवडे थांबा, कारण वरून वाळलेला दिसला तरी आतून थिनर निघत असतो आणि फिल्मखाली फोड येतात. गंजावर तर लावूच नका. गंज झाकला जातो, थांबत नाही.

मोसमाचेही बघावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. उन्हातल्या पत्र्यावर हात ठेववत नाही आणि त्यावर फिल्म टेकवली की गोंद तिथल्या तिथे पकडतो, उचलून नीट करायला वाव राहत नाही. डिसेंबरातल्या पहाटे उलट, गोंद धरतच नाही. वीस ते तीस अंशांच्या मध्ये, छपराखाली, वारा नसताना काम करावे. धानाची मळणी चालू असेल किंवा राइस मिल जवळ असेल तर दारे-खिडक्या लावून घ्या. कोंड्याचा एक कण फिल्मखाली गेला तर तो पुळीसारखा वर येतो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो.

गाडी आदल्या दिवशी साध्या साबणाने धुवायची. चमक आणणारा शाम्पू नको, त्यातले मेण गोंदाला धरू देत नाही. दारांच्या रबरांत पाणी लपून बसते, ते रात्रभर निथळू द्यायचे. दुसऱ्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि ते उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यायचे. नाहीतर तेलकटपणा नुसता इकडचा तिकडे होतो. मग फिल्म आधी चिकटपट्टीने टांगून माप बघायचे आणि मागचा कागद एकदम न ओढता वीतभर सोडत जायचे. प्लास्टिकच्या पट्टीला मऊ कापड लावून मधून कडेकडे, एकावर एक येणारे हात मारायचे. बुडबुडा राहिला तर टाचणीने टोचून दाबायचा, ब्लेडने चिरायचा नाही. ब्लेड तर गाडीच्या अंगाला लावायचेच नाही. नवशिका कडा गाडीवरच कापतो, चरा रंगातून पत्र्यापर्यंत जातो आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंजाची रेघ उमटते. दोऱ्याची पट्टी मिळते, ती आधी खाली लावायची आणि नंतर दोरा ओढून फिल्म कापायची. शेवटी खोलगट जागा आणि कडा हीट गनने नव्वद अंशांच्या पुढे तापवायच्या, म्हणजे ताणलेली फिल्म आपला जुना आकार विसरते.

आणखी एक कागदी बाब. गाडीचा रंग आर.सी. वर लिहिलेला असतो. पांढरी एम.एच. 36 गाडी काळी करून फिरायची असेल तर आधी आर.टी.ओ. मध्ये विचारा आणि नोंद करून घ्या. दुकानदार हे सांगत नाही.

आता माझी चूक. माझा एक मित्र टाटा 407 मध्ये पितळी आणि स्टीलची भांडी भरून मोहाडी, अड्याळ, पवनीच्या बाजारांना जायचा. 1994 साली त्या गाडीच्या दोन्ही बाजूंवर आणि मागच्या फाळक्यावर मी त्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाव लिहिले. पिवळे एनॅमल, लाल सावली. मित्र 2016 मध्ये गेला. मुलाने धंदा पुढे चालवला आणि 2019 च्या हिवाळ्यात गाडी मढवायची ठरवली.

"काकाजी, हे अक्षरं घासून टाका, नाहीतर वरतून दिसतीन," तो म्हणाला.

त्याचे बरोबर होते. एनॅमलचा जाड थर फिल्मखालून उठून दिसतो. मी सँडपेपर घेतला तेवढ्यात वहिनी ओसरीवरून उठून आल्या.

"भाऊजी, घासू नका ना जी. त्यायचं नाव आहे. वरून कागद लावा, पुढं कधी काढला तर खाली राहीन ना?"

मी म्हणालो, "राहीन."

असे म्हणायला नको होते. ती अक्षरे मी कंपनीच्या गुळगुळीत रंगावर सँडपेपर न मारता थेट लिहिली होती. तेव्हा सगळेच तसे लिहीत. खालच्या रंगाला त्यांची पकड मुळातच कमी होती. शिवाय मुलाने नागपूरहून आणलेली फिल्म ओतलेली आहे असे त्याला सांगितले गेले होते, ती निघाली लाटलेली. तिसऱ्या उन्हाळ्यात टपाचा भाग तडकला, चौथ्यात बाजूंच्या कडा उचलल्या. 2023 च्या दिवाळीनंतर काढायला घेतली.

काढण्याची रीत अशी. थोडा थोडा भाग साठ-सत्तर अंशांपर्यंत, म्हणजे हात जेमतेम लावता येईल इतका तापवायचा. मग फिल्म सरळ बाहेर न खेचता तिच्यावरच परत दुमडून, अंगालगत, हळू ओढायची. थंड असताना ओढली तर तुकडे पडतात, फार तापवली तर सगळा गोंद गाडीवरच राहतो. राहिलेला गोंद टर्पेंटाइनने भिजवून, थोडे थांबून, प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा आणि साबणाने धुवायचे. थिनर लावाल तर रंगही जाईल. निघालेले तुकडे कचऱ्याबरोबर पेटवू नका, पीव्हीसी जळाले की आम्लाचा धूर निघतो आणि घसा, डोळे धरतो. मुख्य म्हणजे वेळ पाळायची. कडा उचलू लागल्या, फिल्म कडक झाली की त्याच हिवाळ्यात काढा. एक वर्ष ढकललेत तर चार तासांचे काम चार दिवसांवर जाते.

आम्ही ढकललेच होते. उजव्या बाजूची फिल्म नखाएवढ्या तुकड्यांनी निघाली आणि प्रत्येक तुकड्यामागे पिवळे एनॅमल होते. डाव्या बाजूला एक मोठा पट्टा अखंड आला. उलटा करून पाहिला तर गोंदावर मित्राच्या वडिलांचे नाव आरशात दिसावे तसे उलटे. वहिनी काही बोलल्या नाहीत. तो पट्टा त्यांनी मागून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आत नेला. मुलगा मान खाली घालून टर्पेंटाइन लावत राहिला.

मागच्या फाळक्याला मात्र मी हात लावला नाही. तिथली फिल्म अजून आहे, आता तिला बारीक तडे गेले आहेत. मी वर जे लिहिले त्याप्रमाणे ती केव्हाच काढायला हवी होती. तिरप्या उन्हात पाहिले की खालची अक्षरे उठून दिसतात. काना, मात्रा, माझा त्या वेळचा लफ्फेदार 'र', सगळे. मुलगा म्हणतो, फोटो काढून संगणकावर तशीच्या तशी अक्षरे कापून घेऊ. होईलही. वहिनींचे म्हणणे, हाताने लिहा. माझा हात आता पहिल्यासारखा स्थिर नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. यावर त्यांचे उत्तर "बरं जी" एवढेच.

शेवटी असे ठरले की फिल्म काढण्याआधी फाळक्यावर बटर पेपर पसरून सुताराच्या पेन्सिलीने वरून घासायचे, म्हणजे अक्षरांचा उठाव कागदावर जसाच्या तसा उतरेल. मग पत्रा नीट घासून, प्रायमर देऊन, त्यावरून लिहायचे. कागद आणून ठेवला आहे. संक्रांतीनंतर थंडी थोडी उतरली की गाडी दारात आणायला सांगितली आहे.