पाठभेद : एका विषाणूचे

कलाशाखेच्या वार्षिकांकात कुत्र्यांच्या रोगावर लेख पाहून काही मित्र हसतील, याची मला कल्पना आहे. "तुझा विषय मराठी, तुला हा उद्योग सांगितला कोणी?" असे एकाने विचारूनही झाले. त्याला द्यायचे उत्तर जरा लांबलचक असल्याने ते येथे लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी 'मोती' आला. दीड महिन्याचे, तांबडे-पांढरे, गावठी पिल्लू. पहिली लस टोचली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे वीसेक दिवसांनी त्याने खाणे सोडले. ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण. डॉक्टरांनी विष्ठेचा थेंब एका पट्टीवर तपासला, दोन रेघा उमटल्या. "पार्वो आहे," ते म्हणाले. आजीला हे नाव पार्वतीच्या नात्यातले वाटले. वास्तविक 'पार्वस' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'लहान' एवढाच आहे. सलाईन चालू होते, तरी चौथ्या दिवशी पहाटे मोती गेला.

त्यानंतर गल्लीतल्या जाणकारांनी निकाल दिला, "नवा स्ट्रेन आलाय. आता लशीचा काही उपयोग नाही." शेजारच्या काकांनी तेवढ्यावर आपल्या पिल्लाला लस टोचण्याचा बेत रद्द केला. हा 'स्ट्रेन' म्हणजे काय, तो ओळखतात कसा आणि काकांचे बरोबर की चूक, हे समजून घेण्यासाठी मी वाचू लागलो, ते असे.

हा रोग पुरातन नाही. १९७८ साली जगाच्या अनेक भागांत कुत्री एकाएकी रक्तातिसाराने मरू लागली, आणि दोनेक वर्षांत ही साथ जवळजवळ सर्व खंडांत पोहोचली. भारतात तिची नोंद १९८२ मध्ये मद्रासहून झाली. कुत्र्यांचा एक वेगळाच, सौम्य पार्वो १९६७ पासून माहीत होता, म्हणून या नव्याला 'सीपीव्ही-२' म्हटले गेले. तो आला कोठून? मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूशी त्याचे फार जवळचे नाते आहे. तशाच एखाद्या विषाणूच्या कवचात मोजके बदल झाले आणि त्याला कुत्र्याच्या पेशीत शिरण्याची किल्ली सापडली. ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांतच तो वाढतो. आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा ही त्याची आवडती ठिकाणे. त्यामुळे एकीकडे आतडे सोलवटते आणि दुसरीकडे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. पिल्लू दोन्हीकडून कोंडीत सापडते.

आता स्ट्रेनकडे वळू. येथे मला आमच्या अभ्यासक्रमातलीच गोष्ट उपयोगी पडली. पैठण येथून काही कोसांवर. तेथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण शिकतो. नकलाकार लिहिता लिहिता एखादे अक्षर बदलतो, पुढचा त्याचीच नक्कल करतो आणि पाहता पाहता प्रतींची घराणी तयार होतात. कोणती प्रत कोणत्या घराण्यातली, हे अशा चुकांवरूनच कळते. विषाणूचेही असेच आहे. फरक इतकाच, की येथे नकलाकार चुकला तर कधी कधी नक्कल मुळापेक्षा जास्त चालते.

पार्वोची पोथी सुमारे ५२०० अक्षरांची, म्हणजे अगदीच चोपडे म्हणायचे. लिपीत अक्षरे चार : ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दामागे प्रथिनाच्या माळेत एक मणी. कवचाच्या मुख्य प्रथिनात असे ५८४ मणी आहेत. त्यांतला ४२६ वा मणी पाहायचा. १९७८ च्या मूळ विषाणूत तेथे ए-ए-टी हा शब्द आहे. १९८४ च्या सुमारास 'टू-बी' नावाचा प्रकार आढळला, त्यात जी-ए-टी आहे. २००० साली इटलीत 'टू-सी' सापडला, त्यात जी-ए-ए. प्रत्येक वेळी अक्षर बदलले ते एकच!

मात्र एका ओवीवरून प्रतीचे घराणे ठरवू नये, असे आमचे सर नेहमी सांगतात, ते येथेही लागू पडते. मूळ विषाणूनंतर लगेच, १९७९-८० मध्ये, 'टू-ए' अवतरला. ४२६ व्या जागी त्याचा आणि मुळाचा पाठ एकच. त्यांना वेगळे करायचे तर ८७, ३०० आणि ३०५ या जागा पाहाव्या लागतात. मूळ विषाणू मांजरांना बाधत नसे. टू-ए आणि त्याच्या वंशजांना ती शक्ती पुन्हा मिळाली आणि वाघ-चित्त्यांतही ते आढळले. सिद्धार्थ उद्यानात वाघांचे बछडे जन्मलेल्या आपल्या शहराने हे लक्षात ठेवलेले बरे. टू-ए ने मूळ विषाणूला थोड्याच वर्षांत हुसकावून लावले. आज तो मूळ पाठ जवळजवळ लशीच्या बाटलीतच शिल्लक आहे.

प्रयोगशाळेत हे वाचतात कसे? दवाखान्यातली पट्टी विषाणू आहे एवढेच सांगते, कोणता ते नाही. आणि पट्टी कोरी राहिली म्हणजे रोग नाहीच, असेही नाही. पूर्वी ठरावीक प्रतिपिंडांचा संच घेऊन, त्यांतले कोणते चिकटते यावरून प्रकार ओळखत. आता विष्ठेतून विषाणूचे डीएनए काढून, पीसीआरने हव्या त्या पानाच्या लाखो नकला करतात. मग एक युक्ती अशी, की 'एमबीओ-टू' नावाचे विकर जी-ए-ए-जी-ए ही अक्षरे ओळीने दिसली की तेथेच धागा कापते. त्या जागी ही अक्षरे फक्त टू-सी मध्ये जुळून येतात. धाग्याचे दोन तुकडे झाले तर टू-सी, अखंड राहिला तर अन्य कोणी. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सगळे पान अक्षरशः वाचून काढणे. त्यामुळेच लशीतला विषाणू आणि रस्त्यावरचा विषाणू वेगळे ओळखता येतात. याची गरजही पडते, कारण लस टोचल्यावर काही दिवस पिल्लाच्या विष्ठेत लशीतलाच विषाणू उतरू शकतो. भारतात बराच काळ टू-ए चा वरचष्मा होता; अलीकडच्या वर्षांत अनेक भागांतून टू-सी च्या नोंदी वाढल्या आहेत.

हे सगळे वाचून मी डॉक्टरांकडे गेलो आणि मोतीला कोणता स्ट्रेन होता असे विचारले. ते म्हणाले, "तो तपास संशोधनाचा. कोणताही असला तरी मी सलाईन तेच लावलं असतं."

"मग लस का लागू पडली नाही?"

त्यांनी मोतीचे कार्ड मागितले. मागच्या बाजूला पुढच्या दोन डोसांच्या तारखा लिहिलेल्या होत्या. पहिली तारीख उलटून गेली होती. आम्ही कार्ड उलटून पाहिलेच नव्हते.

आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात. ती लशीतल्या विषाणूलाही शत्रूच समजतात आणि लस फुकट जाते. पुढे ती हळूहळू ओसरतात. मध्ये काही दिवस असे येतात, की ती रोग अडवायला अपुरी, पण लस बिघडवायला पुरेशी असतात. हे दिवस प्रत्येक पिल्लाचे निराळे, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत डोस देत राहायचे. लस फसण्याचे हेच मोठे कारण आहे. जुन्या प्रकारापासून केलेल्या लशी नव्या प्रकारांविरुद्धही संरक्षण देतात, असेच बहुतेक प्रयोगांत दिसून आले आहे.

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेलो. पाठभेदांचे पुराण त्यांनी अर्धेच ऐकले, पण कार्डाची हकीकत दोनदा विचारून घेतली. मोतीची जागा मी साबणाने धुतली होती. या विषाणूला तेलकट वेष्टन नसते, त्यामुळे साबण आणि स्पिरिट त्याचे फारसे बिघडवू शकत नाहीत, आणि तो जमिनीत महिनोन्महिने तग धरतो. म्हणून फरशी एकास तीस प्रमाणात पाणी घातलेल्या ब्लीचने पुन्हा पुसली. काकांच्या पिल्लाचा तिसरा डोस दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झाला. कार्ड त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला, मागची बाजू पुढे करून, अडकवले आहे.