नावाचा माग

कामगार संघटनेच्या कामात आमची तीसेक वर्षे गेली. त्यांतला बराच वेळ कारखान्याच्या हजेरीपटावरचे नाव आणि घरातले नाव एकाच माणसाचे आहे, हे पटवून देण्यात गेला. एका कामगाराच्या विधवेने निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, तेव्हा कचेरीतल्या संगणकाने उत्तर दिले, "या नावाचा कोणी नाही." नवरा बावीस वर्षे घाम गाळून गेला आणि यंत्र म्हणते, तो नव्हताच! पुढे शोध घेता दिसले की भरतीच्या कारकुनाने वडिलांचे नावच आडनावाच्या जागी लिहिले होते, आणि तेही कानाला ऐकू आले तसे. यंत्र खोटे बोलले नव्हते. आपण विचारलेली अक्षरे त्याच्यापाशी नव्हती, एवढेच ते सांगत होते. तेव्हापासून वंशावळी शोधण्याची साधने आम्ही शिकू लागलो.

आज वंशावळ संगणकात ठेवतात ती बहुधा 'जेडकॉम' नावाच्या पद्धतीने. अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या चर्चने ती १९८४ साली काढली. तीत प्रत्येक माणसाची एक नोंद आणि त्या नोंदीला एक क्रमांक असतो. नाव लिहिताना आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये ठेवतात. नवरा, बायको आणि मुले यांना जोडणारी कुटुंबाची नोंद वेगळी असते. म्हणजे नाती क्रमांकांनी बांधलेली असतात, नावांनी नव्हेत. पण शोधणाऱ्याच्या हाती क्रमांक नसतो, नाव असते. आणि साधा शोध फक्त अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. एक अक्षर चुकले की आजोबा हरवले.

यावरचा एक तोडगा संगणकाहून जुना आहे. रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्या पद्धतीला 'साउंडेक्स' हे नाव पडले. नावाचे पहिले अक्षर ठेवावे, पुढचे स्वर गाळावेत आणि उच्चाराने जवळच्या व्यंजनांना एकच आकडा द्यावा, अशी ही युक्ती. टी आणि डी यांना ३, एम आणि एन यांना ५, आर ला ६. शिंदे हे नाव इंग्रजीत एस-एच ने लिहा, की ग्वाल्हेरच्या घराण्याप्रमाणे एस-सी ने लिहा, दोन्हींचा संकेत एस-५३० असाच येतो.

ही युक्ती मोठ्या प्रमाणावर कामी आली ती मजुरांच्या म्हातारपणासाठी, हे आम्हांला विशेष वाटते. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि पासष्टीनंतर निवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली. पण वय सिद्ध कसे करावे? पुष्कळांच्या जन्माची नोंदच नव्हती. मग १८८० च्या जनगणनेतून, ज्या घरांत दहा वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल होते, तेवढ्या घरांची साउंडेक्सप्रमाणे कार्डे केली गेली. तीच मुले आता पासष्टीला येत होती. कार्डे लिहिण्याचे काम सरकारने बेकारांना दिले. एकाच्या हाताला काम मिळाले आणि दुसऱ्याला वयाचा पुरावा मिळाला.

परंतु ही युक्ती इंग्रजी कानाची आहे. पवार डब्ल्यू ने लिहिला तर संकेत पी-६००, व्ही ने लिहिला तर पी-१६०. आपल्या कानाला मात्र दोन्ही एकच. उलट काळे, केळे आणि कोळी हे तिघेही के-४०० च्या एकाच खणात येऊन बसतात. शिवाय आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, कित्येक घरांत पाळण्यातले नावही बदलते. जुन्या कागदांत तर पुष्कळ कष्टकऱ्यांना आडनावच नसते.

मॉरिशसचे उदाहरण घ्या. १८३४ पासून हिंदुस्थानातून तिकडे करारबद्ध मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक पुष्कळ होते. तिथल्या कारकुनांनी ऐकले तसे नाव लिहिले, आणि पुढे आजोबांचे पाळण्यातले नावच नातवांचे आडनाव होऊन बसले. मात्र त्याच नोंदवह्यांत प्रत्येक मजुराला क्रमांक दिलेला होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या जपलेल्या आहेत. गुलामीच्या जवळ जाणाऱ्या त्या व्यवस्थेने माणसाला आकडा केले. आज त्याच आकड्यावरून पणतू पणज्याच्या गावापर्यंत पोचू शकतो.

तेव्हा शोधणाऱ्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पूर्ण नाव घालू नका. आधीची तीन-चार अक्षरे घाला आणि गाव किंवा साल जोडा. आडनावाच्या जागी बापाचे नाव घालून पाहा. बाई सापडत नसेल तर नवऱ्याच्या किंवा भावाच्या नोंदीवरून जा. 'ग्रॅम्प्स' हे साधन फुकट मिळते. त्यात साउंडेक्सचीही सोय आहे. पण यंत्राने दहा नावे पुढे केली म्हणजे दहा आप्त मिळाले असे नव्हे. एकाच गावात एकाच नावाचे दोन सखाराम असतात. बाप, गाव आणि साल यांतील निदान दोन खुणा जुळल्याशिवाय कोणालाही आपल्या झाडावर चढवू नका.

त्या विधवेचे काम असेच झाले. नाव जुळले नाही. गाव, भरतीचे साल आणि वारस म्हणून लिहिलेले तिचे स्वतःचे नाव जुळले. नवऱ्याचे नाव कारकुनाने चुकवले होते, पण त्याने सांगितलेले बायकोचे नाव मात्र बरोबर उतरले होते.