खाऱ्या टाकीतला तारामासा

डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या 100 लिटरच्या खाऱ्या टाकीसाठी तारामासा निवडताना रंगाला भुलू नये. निळीशार लिंकिया दुकानात उठून दिसते. पण खडकावरचा सूक्ष्म थर खाणारी ही जात छोट्या टाकीत उपासमारीने झिजत मरते. 'चॉकलेट चिप' धट्टाकट्टा, मात्र प्रवाळ फस्त करतो.

तारामाशाच्या नळ्यांतून रक्ताऐवजी समुद्राचेच पाणी फिरते. त्याच्याच दाबावर शेकडो इवले नलिकापाय हलतात. म्हणूनच क्षारता एकदम बदलली की तो कोलमडतो. मे महिन्याच्या उकाड्यात पाणी उडते, मीठ मागे राहते. तेव्हा भर घालावी ती आरओच्या गोड्या पाण्याची. ठाण्याच्या खाडीचे पाणी तर नकोच.

नवख्याने मुरलेल्या टाकीत तारामाशाचा भाऊबंद, छोटा ब्रिटल स्टार सोडावा. तो उरलेसुरले खातो. हिरवा मात्र टाळा, तो मासे पकडतो.