पॉवर बँक कोणत्या बॅगेत?
ठाणे-डोंबिवलीहून दुबईला मुलांकडे जाणारे आजी-आजोबा पुष्कळदा पॉवर बँक मोठ्या बॅगेत, कपड्यांखाली ठेवतात. तसं चालत नाही. लिथियम बॅटरी पेटलीच, तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात. खालच्या सामानाच्या कप्प्यात कुणाचा हात पोहोचणार? म्हणून ती हातातल्या बॅगेतच हवी. मर्यादा साधारण १०० वॉट-तास. वर्गात हे गणित जरूर द्या: २०,००० मिलीअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट, बरोबर ७४ वॉट-तास. म्हणजे चालेल! मात्र पॉवर बँकेवरचे आकडे पुसलेले असतील तर तपासणीत अडचण येऊ शकते. एमिरेट्सच्या विमानात तर १ ऑक्टोबर २०२५पासून एकच पॉवर बँक नेता येते, तीही वापरायची नाही. तेव्हा घरून निघतानाच आजोबांचा फोन पूर्ण चार्ज करून द्या. तिकीट त्यातच असतं.